रेषा राहू द्या, आधी कॅमेरा कुठे होता ते शोधा

मोर्चाच्या फोटोवर तृतीयांशाच्या रेषा (चौकटीचे उभे-आडवे तीन-तीन सारखे भाग करणाऱ्या) मारून तुम्ही विचारलंय, की घोषणा देणारी बाई उजव्या छेदबिंदूवर आलीय, तर मांडणी बरोबर ना? बरोबर आहे, पण त्यातून हाती फारसं लागत नाही. धावपळीत छायाचित्रकार मुख्यतः दोनच गोष्टी ठरवतो: उभं कुठे राहायचं आणि चौकटीबाहेर काय ठेवायचं.

म्हणून आधी डोकी बघा. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर असला, की सपाट रस्त्यावर जवळची-लांबची डोकी साधारण एकाच रेषेत येतात. पुढचे चौघे मागच्या चारशेंना झाकून टाकतात. कॅमेरा वर गेला, की लांबची डोकी चौकटीत वर सरकतात. तुमच्या फोटोत ती वरच्या कडेला भिडलीत. तेव्हा हा फोटो गर्दीत शिरून काढलाय हे काही मला पटत नाही; गच्ची असेल, नाहीतर गाडीचा टप.

आता दाटी. टेलिफोटो, म्हणजे लांबचं जवळ दाखवणारी लेन्स, गर्दी चेपते असं आपण सगळेच म्हणतो (मीही वर्षानुवर्षं म्हणायचो), पण गर्दी चेपतं ते कॅमेऱ्याचं तिच्यापासूनचं अंतर. लांबून पुढच्या-मागच्या माणसांच्या आकारातला फरक कमी होतो, लेन्स तेवढाच तुकडा मोठा करून देते. छायाचित्रकार जेफ वायडनरने ५ जून १९८९ला, तियानानमेनच्या आंदोलनावेळी, बीजिंग हॉटेलच्या सहाव्या मजल्यावरून रणगाड्यांसमोर एकटा उभा राहिलेला माणूस टिपला, तो ४०० मिमी लेन्सला दुप्पट करणारा कन्व्हर्टर लावून. रणगाडे एकमेकांना खेटल्यासारखे दिसतात ते त्या लांबच्या अंतरामुळेच.

तुमच्या फोटोत चारही कडांवर माणसं कापली गेलीत, म्हणून गर्दीला अंत नाही असं वाटतं. एका कोपऱ्यात मोकळा रस्ता आला असता तर हाच मोर्चा किरकोळ दिसला असता.

राहिली ती बाई. छायाचित्रकार यासुयोशी चिबाचा सुदानच्या खार्तूममधला, १९ जून २०१९चा फोटो बघा. वृत्तछायाचित्रांच्या स्पर्धेतला २०२०चा वर्ल्ड प्रेस फोटो ऑफ द इयर. वीज गेलेली, एक तरुण निषेधाची कविता म्हणतोय आणि भोवतालच्यांच्या मोबाइलचा उजेड त्याच्यावर. नजर उजेडामागे जाते, तिथे रेषा कोण मोजतो! तुमच्याकडे हेच काम नजरांनी केलंय: सगळे डावीकडे बघतायत, ती एकटी वर, थेट कॅमेऱ्याकडे. म्हणजे फोटो निघतोय हे तिला बहुधा माहीत होतं. आणि ते डावीकडे काय बघतायत, ते नेमकं कापलं गेलंय. न कापलेली मूळ चौकट मिळाली तर पाठवा.