परत आलेल्या पुस्तकांचं टेबल

(गिरगावातल्या एका सार्वजनिक वाचनालयात मी एकतीस वर्षं देवघेवीच्या खिडकीशी बसले. आता घरी असते आणि या सदरात तुमच्या पत्रांना उत्तरं देते. या महिन्यात तीन पत्रं घेतली आहेत. पहिल्याचं उत्तर लांबलंय.)

प्रश्न : ताई, नमस्कार. मी भांडुपला राहते, वय एकेचाळीस. वर्षाला पंधरा-वीस पुस्तकं होतात माझी. पण परवा कपाट आवरताना बघितलं तर जवळजवळ सगळी चरित्रं आणि आत्मचरित्रं! एक वाचून झालं की मोबाइल तसलीच आणखी दहा दाखवतो आणि मी त्यातलंच एखादं मागवते. घरी सासूबाई आहेत, चौऱ्याहत्तरच्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, तरी बारीक टाइप वाचवत नाही. मुलगा चौदाचा, त्याला ‘गोष्टीबिष्टी’ नकोत. मुलगी सात वर्षांची, ती रोज रात्री एकच पुस्तक घेऊन बसते, दुसरं उघडू देत नाही. प्रत्येकाच्या वयाला चालतील अशी, वेगवेगळ्या तऱ्हेची पुस्तकं हवी आहेत. महिन्याला सातआठशे रुपये काढू शकते. एक यादी करून द्याल का?
– एक वाचक, भांडुप

उत्तर : यादी मागू नका हो. मी एकदा केली होती. ‘वाचायलाच हवीत अशी शंभर पुस्तकं’, स्केचपेनने, दोन रंगांत, फलकावर लावली होती. लोक यायचे, फलकासमोर उभे राहून मान डोलवायचे आणि वळून सरळ टेबलाकडे जायचे.

ते टेबल सांगते. खिडकीच्या डाव्या हाताला होतं, एक पाय आखूड, त्याखाली पुठ्ठ्याची घडी. परत आलेली पुस्तकं आमचा शिपाई कपाटात लावेपर्यंत त्यावर पडून असायची. दुपारी चारला खिडकी उघडायची आणि सहापर्यंत हा ढीग! लोणच्या-मुरांब्यांच्या पुस्तकावर भुताच्या गोष्टी, त्यावर नर्मदा परिक्रमा, त्यावर शिवणकाम, सगळ्यात वर कुणाच्या तरी लेकराचं कान दुमडलेलं चित्रांचं पुस्तक. कपाटांवर आमच्या ड्युई पद्धतीचे आकडे होते, ५०० ला विज्ञान, ८०० ला साहित्य, ९०० ला इतिहास-भूगोल. म्हणजे कपाटात जो तो आपापल्या आळीत. टेबलावर मात्र दोन तास सगळे एका पंगतीला. चरित्र मागायला आलेला माणूस टेबलाशी रेंगाळला, की हातात भलतंच काहीतरी घेऊन जायचा.

आणि टेबलावरचं प्रत्येक पुस्तक नुकतंच कुणाच्या तरी घरून आलेलं असे. मी शेवटच्या पानावरची तारखांची चिठ्ठी बघायची. एका पुस्तकावर सहा वर्षांत एकच शिक्का होता. मग एका जूनमध्ये लागोपाठ चार. चौकशी केली तर चौघंही एकाच चाळीतले निघाले, एकाच मजल्यावरचे. पहिल्या बाईंनी नळावर सांगितलं होतं. कधी पुस्तकात बसचं तिकीट निघायचं, कधी किराण्याची यादी. रहस्यकथांच्या पुस्तकांना शेवटच्या वीसेक पानांत हळदीची बोटं हमखास. फोडणी टाकता टाकता वाचलेलं! त्या डागांसाठी मी कधी दंड घेतला नाही. नियमात बसत होतं, तरी नाही.

तर तुमचा मोबाइल हे एक कपाट आहे. तुम्ही ज्या आळीत शिरलात, तिथेच तो तुम्हाला फिरवत राहतो. तुम्हाला टेबल हवंय.

आधी घराजवळचं वाचनालय शोधा. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यानंतर शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयांना अनुदान मिळतं, त्यामुळे वर्गणी तुमच्या बजेटात सहज बसावी. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय तर १८९८ पासून आहे. वाचनालयात गेलात की पहिल्या दिवशी एवढंच विचारा, ‘आज परत काय काय आलंय?’ खिडकीमागचं माणूस दचकेल. दचकू दे.

आता घरातल्या चौघांचं. त्यांच्या नावाने चार पुस्तकं आणा, पण कुणी स्वतःसाठी निवडायचं नाही. सासूबाईंचं पुस्तक नातवाने निवडायचं, त्याचं धाकटीने, धाकटीचं तुम्ही, आणि तुमचं सासूबाईंनी. आमच्याकडे एक कुटुंब असं करायचं, माझं डोकं नाही त्यात. सातची मुलगी चौदाच्या भावासाठी काय आणणार, असं वाटेल तुम्हाला. ती कासवांचं आणेल. तो आधी हसेल आणि मग वाचेल, कारण तसंही तिला ते वाचून दाखवणं त्याच्याच गळ्यात पडणार आहे.

मुलाबद्दल थोडं जास्त सांगते, कारण तिथे मी स्वतः एकदा चुकलेय. असाच एक बारा-तेराचा मुलगा मोठ्यांच्या विभागातली एक जाड कादंबरी घेऊन खिडकीशी आला. मी म्हटलं, ‘ही तुझ्या वयाची नाही, बालविभागातलं घे.’ तो काही बोलला नाही. पुस्तक ठेवलं आणि गेला. पुढल्या महिन्यात त्याची आई अनामत रक्कम परत न्यायला आली. आजही बारा-तेराचं पोर दिसलं की मला ती खिडकी आठवते. तेव्हा ‘वयाला चालतील अशी’ हे तुमच्या पत्रातले शब्द तेवढे खोडून टाका.

‘गोष्टीबिष्टी नकोत’ म्हणणाऱ्यांना बऱ्याचदा गोष्टच हवी असते, फक्त शहाणपण शिकवणारी नको असते. त्याला जयंत नारळीकरांचा एक किस्सा सांगून बघा. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत त्यांनी कथा पाठवली ती टोपणनावाने, आपली आद्याक्षरं उलटी करून – ज. वि. ना. चे झाले ना. वि. ज., म्हणजे ‘नारायण विनायक जगताप’. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा दुसऱ्याकडून लिहून घेतली. आणि पहिलं बक्षीस जगतापांना! एवढं सांगा आणि ‘यक्षांची देणगी’ घरात कुठेतरी ठेवून द्या. हातात देऊ नका.

सासूबाईंना पुस्तक दिसत नसेल तर ऐकू द्या. नातवाने रोज दहा मिनिटं ‘स्मृतिचित्रे’ वाचून दाखवायचं. लक्ष्मीबाई टिळकांची भाषा बोलल्यासारखी आहे, मोठ्याने वाचताना जीभ अडखळत नाही, आणि त्यातल्या सोवळ्या-ओवळ्याच्या गमती सासूबाई त्याला स्वतःच समजावतील. हवं तर दुर्गाबाई भागवतांचं ‘ऋतुचक्र’. त्यात मराठी महिन्यांवरचे बारा लेख आहेत. श्रावणात श्रावण वाचा. खिडकीतून भांडुपच्या टेकड्या दिसत असतील तर आणखी बरं.

धाकटीची मला काहीच काळजी वाटत नाही. एकच पुस्तक रोज मागणारं मूल ते पुस्तक पाठ करत असतं, पानं उलटायची वेळ जिभेने ओळखत असतं. करू दे. शेजारी माधुरी पुरंदरेंचं ‘वाचू आनंदे’ तेवढं ठेवा. त्यात बालगट आणि कुमारगट असे भाग आहेत. मोठ्यांच्या साहित्यातले मुलांना कळतील असे उतारे निवडलेत आणि सोबत चित्रं आहेत. लेकीसाठी घ्या आणि रात्री तुम्ही वाचा. आत्मचरित्रांपलीकडे मराठीत काय काय लिहिलं गेलंय, त्याची चव घोटाघोटाने कळते. एखाद्या उताऱ्याने धरून ठेवलं, तर तो ज्या पुस्तकातला असेल ते वाचनालयात मागा.

पैशांचं शेवटी. दर महिन्याला नवं पुस्तक घेऊ नका. दोन-तीन महिन्यांचे साठवा आणि एका शनिवारी सगळे मिळून माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर जा, नाहीतर फोर्टात हुतात्मा चौकाच्या आसपास. फोर्टातली जुन्या पुस्तकांची रांग आता पूर्वीएवढी उरलेली नाही, पण अजून आहे. प्रत्येकाच्या हातात शंभराची नोट द्या आणि अर्धा तास कुणी कुणाच्या मध्ये बोलायचं नाही, ही एकच अट. आणि दिवाळीत वाचनालयाची दिवाळी अंकांची योजना घ्याच. एकरकमी पैसे भरायचे आणि पुढचे तीन-चार महिने अंक बदलून नेत राहायचे. कथा, कविता, प्रवास, शेती, सिनेमा, व्यंगचित्रं, वार्षिक राशिभविष्यसुद्धा! ‘मनोरंजन’ने १९०९ साली पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून ही मिसळ आपल्याकडे आयती मिळतेय आणि आपण ती फराळाबरोबर चाळून रद्दीत देतो.

प्रश्न : मॅडम, मी बेस्टमधून कंडक्टर म्हणून रिटायर झालो. राहायला विक्रोळी. नातवासाठी वाचनालयातून फास्टर फेणे आणतो आणि खरं म्हणजे मीच वाचतो. नातू पुण्याला असतो. सुनेने परवा विचारलं, ‘बाबा, हे कुणासाठी?’ मला उत्तर देता येईना. या वयात हे बरं दिसतं का?
– एक वाचक, विक्रोळी

उत्तर : कंडक्टरसाहेब, आमच्या बालविभागाच्या नोंदवहीत निम्म्या सह्या आजोबांच्या असायच्या आणि प्रत्येक जण ‘नातवासाठी’ म्हणायचा. मी कधीही ‘नातू कितवीत आहे?’ असं विचारलं नाही.

भा. रा. भागवतांचा बनेश फेणे फुरसुंगीचा. तुम्ही आयुष्यभर दादर, सायन, घाटकोपर पुकारलंत, तर एकदा फुरसुंगीची फेरी मारायला काय हरकत आहे? त्यातल्या सायकलच्या करामती तुम्हाला आवडत असणार, गाडीचा तोल काय असतो ते तुम्ही जाणता. आता पुढलं सांगते. बालभारती १९७१ पासून ‘किशोर’ मासिक काढतेय आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतात. फोनवर अक्षर मोठं करता येतं. तिथून माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’कडे या. छोटी कादंबरी आहे, माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर आलेल्या कोवळ्या मास्तरची. ती मुलांचीही आहे आणि तुमचीही.

सुनेला सांगा, ‘माझ्यासाठी.’ बघा, ती काय म्हणते. कदाचित तुमचं झाल्यावर मागेल.

प्रश्न : हाय काकू, मी एकोणीस वर्षांचा आहे, बोरिवलीला राहतो, शाळा इंग्रजी मीडियमची. मराठी बोलतो नीट, पण वाचायला लागलो की एका पानाला दहा मिनिटं लागतात आणि कंटाळा येतो. सगळे सांगतात ती मोठी कादंबरी दोनदा सुरू केली, दोनदा सोडली. काय वाचू?
– एक विद्यार्थी, बोरिवली

उत्तर : अरे, सोडलीस ते बरं केलंस. पाचशे पानांवर कुणी मराठी वाचायला शिकत नाही.

नाटक वाच. नाटकात वर्णनं कमी आणि बोलणं जास्त, आणि बोललेलं मराठी तुझ्या कानाला येतंच. डोळा अडला की कान हात देतो. दादर पश्चिमेला उतर, छबिलदास शाळेची गल्ली विचार. तिथल्या सभागृहात १९७० च्या दशकात प्रायोगिक नाटकवाल्यांनी आपलं बस्तान बसवलं होतं, आणि त्याच गल्लीत आयडियलचं पुस्तकांचं दुकान आहे. तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ माग. १९६७ मध्ये ते रंगमंचावर आलं. खेळ म्हणून मांडलेला खटला हळूहळू खरा व्हायला लागतो. बाकी सांगत नाही.

एकट्याने वाचू नकोस. मराठीत तुझ्याइतकाच अडखळणारा एखादा मित्र धर आणि भूमिका वाटून घ्या. जोडाक्षरं चुकतील, हसाल. आमच्या वाचनालयात संध्याकाळी दोन कॉलेजातली पोरं जिन्यात बसून असंच वाचायची आणि वरच्या मजल्यावरचे आजोबा ‘हळू!’ म्हणून ओरडायचे. तिसऱ्या दिवशी तेच आजोबा खाली येऊन पायरीवर बसले. म्हणाले, ‘वकिलाचं मी वाचतो. तुम्हाला आवाज नाही.’