खेळातून मुलांना श्रद्धा शिकवता येते का? एका खो-खोवाल्या आईचे उत्तर

तुमचा मुलगा आठ वर्षांचा आहे, त्याला मैदानावरून देवावरची श्रद्धा आणि आयुष्याचे चार धडे मिळावेत अशी तुमची इच्छा आहे, आणि त्यासाठी कोणता खेळ निवडावा असे तुम्ही विचारले आहे. खेळ कोणताही चालेल, फक्त सांघिक असावा. पण सामन्याआधी त्याला देवाकडे विजय मागायला शिकवू नका. हे मी ऐकीव सांगत नाही, आमच्याच घरात घडलेले सांगते आहे.

मी ठाण्यात दहावीपर्यंत खो-खो खेळले आणि आता माझी मुलगी शाळेच्या संघातून खेळते. दोन वर्षांपूर्वी तिचा शालेय स्पर्धेतला सामना होता. माझे थोरले दीर, ज्यांनी जन्मात कधी खांबाला हात लावलेला नाही, त्या दिवशी सकाळीच मैदानावर हजर झाले. मैदानाच्या कोपऱ्यावर मारुतीचे छोटे देऊळ आहे. तिथे त्यांनी सगळ्या मुलींना नेले, कपाळाला शेंदूर लावला आणि जिंकलो तर प्रत्येकीने अकरा शनिवार मारुतीला तेल घालायचे असा नवस त्यांच्याकडून बोलून घेतला. संघात एक मुसलमान आणि एक ख्रिस्ती मुलगी होती. त्या दोघी बाहेर सगळ्यांच्या चपला सांभाळत उभ्या राहिल्या. ते मला दिसत होते आणि तरीही मी गप्प बसले, एवढी चूक माझीही आहे.

थोड्या वेळाने समोरचा संघ आला, तर त्यांच्याही कपाळावर तोच शेंदूर. लेक माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “आई, त्यांनीही इथेच नवस केला असेल तर?” मी तिला खेळाकडे लक्ष दे म्हणून सांगितले, कारण याचे उत्तर माझ्याकडे नव्हते.

सामना शेवटच्या मिनिटापर्यंत ताणला गेला. आम्हाला बरोबरीसाठी एक गडी हवा होता, आणि समोरची शेवटची मुलगी दमून माझ्या लेकीच्या अगदी पुढ्यात आली होती. खो मिळायच्या आधीच माझी लेक उठली. शिट्टी वाजली, फाऊल दिला गेला, आमच्या आक्रमक मुलीला उलट्या दिशेने जावे लागले आणि तेवढ्यात वेळ संपली. एका गुणाने हरलो. असे होते. मी स्वतः खेळताना हे दोनदा केले आहे.

खरा घोळ संध्याकाळी झाला. दीर घरी येऊन बसले आणि चहा घेताना सहज म्हणाले, “मनोभावे केले नसेल, दुसरे काय.” बारा वर्षांच्या मुलीसमोर! त्यानंतर सलग तीन आठवडे तिचे सरावाच्या वेळी नेमके पोट दुखायचे. एका रात्री अंथरुणात तिने मला विचारले, “देवळात मी डोळे नीट मिटले नव्हते, म्हणून झाले का गं?” उत्तर द्यायच्या आधी मी दिवा लावला, कारण अंधारात तिचा चेहरा दिसत नव्हता. ती चेष्टा करत नव्हती.

पुढच्या रविवारी मी तिला आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये नेले, खडूने आठ चौक आखले आणि तिला भिंतीकडे तोंड करून सहाव्या चौकात बसवले. मी मागे धावत होते, कधी लगेच खो देत होते, कधी तिच्या पाठीशी येऊन पुढे निघून जात होते. सुरुवातीला ती दर वेळी आधीच उठायची. मग एकदा मी मुद्दामच बराच वेळ थांबले. ती बोटे जमिनीला टेकून, एक टाच उचलून तशीच बसून राहिली आणि शेवटी मान न वळवता म्हणाली, “आहेस ना गं मागे?” मी काही बोलले नाही, खो दिला, आणि ती जी सुटली ती थेट जिन्याच्या खांबापर्यंत.

श्रद्धा म्हणून मला मुलांना जे द्यावेसे वाटते ते एवढेच आहे, आणि खो-खोच्या नियमांतच ते बसवलेले आहे. खो पाठीमागूनच मिळतो, तो मिळेपर्यंत उठायचे नाही, एकदा दिशा घेतली की मागे फिरायचे नाही, आणि ज्याने खो दिला त्याने पाठलाग सोडून तुमच्या रिकाम्या जागी बसायचे. कबड्डीत, फुटबॉलमध्ये असेच काहीतरी वेगळ्या रूपात सापडेलच; तुमच्या घराजवळ जो खेळ नीट शिकवला जात असेल तो घ्या. मैदानात उतरताना माती कपाळाला लावायची सवय मात्र जरूर लावा. त्यात कोणाकडे काही मागणे नसते.

आमच्या दिरांचे म्हणणे असे की, आपल्याकडे तालमीत मारुती असतोच, मग मैदानावर नवस बोलला तर काय बिघडले? भाऊजी, तालमीतल्या मारुतीसमोर पोरे जोर-बैठका काढतात, सौदा करत नाहीत. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला पहिला खो-खो विश्वचषक झाला आणि आपल्या महिला व पुरुष अशा दोन्ही संघांनी नेपाळला हरवून तो जिंकला, तेव्हापासून भाऊजींना हा खेळ एकाएकी आपला वाटू लागला आहे. त्याआधी मुलगी खो-खो खेळते म्हटल्यावर “त्यात पुढे काय?” हा प्रश्न सर्वांत आधी त्यांनीच विचारला होता.

नवसाला माझा सरसकट विरोध आहे असे कृपया समजू नका. माझ्या सासूबाई वर्षानुवर्षे टिटवाळ्याच्या गणपतीला जातात आणि मीही त्यांच्याबरोबर जाते. मी प्रशिक्षकही नाही, त्यामुळे तुमच्या मुलाच्या स्वभावाला काय झेपेल ते तुम्हालाच अधिक कळेल. आठव्या वर्षी सुरुवात करायला हरकत नाही, पण पहिले वर्षभर गुण आणि निकाल यांची घरात चर्चाही नको.

माझी लेक पुन्हा खेळते आहे. पुढचा सामना त्याच मैदानावर आहे आणि भाऊजी येणार म्हणतात. जरूर यावे, या खेपेला मुलींच्या चपला सांभाळायला माणूस हवाच आहे.