तुमच्या आजीने केलेलं सर्वांत मोठं धाडस कोणतं?

तुम्ही एकच धाडस विचारलंय पण माझ्या आजीचं एक सांगून भागणार नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आजी म्हणजे आईची आई, राजापूर तालुक्यातली, जैतापूरच्या बाजूची. आजोबा परळला गिरणीत होते. तेव्हा अर्ध्या कोकणाचं तेच होतं, कमावते पुरुष मुंबईला आणि बायका, पोरं, म्हातारी माणसं गावाला, महिन्याची मनीऑर्डर आली की चूल नीट पेटायची. आजी लग्न होऊन आली त्याच्या आदल्या वर्षी, म्हणजे १७ जुलै १९४७ ला, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली होती, सहाशेच्या वर माणसं गेली. त्यामुळे सुनांना बोटीने एकटं पाठवायला कुणी तयार नसायचं. आजी जायची. कडेवर माझी आई, डोक्यावर ट्रंक, आणि जैतापूरला बोट खोल पाण्यात उभी, तिच्यापर्यंत पडावातून जायचं आणि लाटेने पडाव वर आला की नेमका तेवढ्यात पाय टाकायचा, तोही कधी कधी मिट्ट काळोखात. पण मला आवडतं ते हे की ती कधी एकटी गेलीच नाही. वाडीतल्या ज्या बायकांना नवऱ्याकडे जायचं असायचं पण घरचे सोडत नव्हते त्यांच्या सासऱ्यांकडे जाऊन ही सांगायची, माझ्याबरोबर पाठवा, मी पोचवते. आणि पोचवायची, पार चाळीच्या दारापर्यंत.

मराठी चौथी शिकलेली, वाडीत वाचता येणारी बाई ती एकच. मुंबईहून आलेली पत्रं तिच्या पडवीत वाचली जायची आणि उत्तरंही तीच लिहायची. कोणाच्या पत्रात काय होतं हे तिने शेवटपर्यंत कुणाला सांगितलं नाही, आईलासुद्धा नाही. पोस्टमन मनीऑर्डर देताना बायकांचा अंगठा घ्यायचा ते तिला फार लागायचं. मग दुपारी भांडी झाली की कोळशाने जमिनीवर गिरवून घेत तिने एकेकीला सही शिकवली, अक्षरं सगळी नाहीत, फक्त आपलं नाव. आईच्या मते हे तिचं सगळ्यात मोठं काम. मला मात्र व्हाळाची गोष्ट मोठी वाटते.

वाडी आणि गाव यांच्यामध्ये एक व्हाळ आहे. त्यावर दर दिवाळीच्या सुमाराला पोफळीचे ओंडके टाकून साकव घालायचे आणि पावसाळ्यात तो वाहून जायचा. एका श्रावणात रात्री वाडीतली एक बाई अडली, सुईण पलीकडे, व्हाळ भरून वाहतोय. घरात पुरुष म्हणजे दोन म्हातारे. आजीने काथ्याचा दोर आंब्याला बांधला, दुसरं टोक स्वतःच्या कमरेला, आणि उतरली. सासू ओरडत होती तर म्हणाली, "माका काय होवचा नाय, तुमी दोर धरा." पाणी छातीपर्यंत होतं असं आई सांगते, मावशी गळ्यापर्यंत म्हणते. पलीकडे जाऊन सुईणीला उठवलं, तोच दोर तिच्या कमरेला बांधून तिला अलीकडे आणलं. मूल जगलं, बाई पण जगली. तो मुलगा आता रिटायर झालाय, आजीच्या बाराव्याला आला तेव्हा लहान पोरासारखा रडत होता.

दुसरी कुणी असती तर एवढ्यावर थांबली असती. आजी त्यानंतर पक्क्या साकवासाठी अर्ज करत राहिली, राजापूरला चालत, मिळाली तर एसटीने, बरोबर नेहमी चार-पाच जणी, त्याही सही करणाऱ्या! अर्जावर अंगठा नको हा तिचा हट्ट. वर्षानुवर्षं "बघतो" एवढंच उत्तर मिळालं. शेवटी सिमेंटचा साकव झाला, पण त्याआधी दोन्ही काठांना जांभ्याचे चिरे लावून पायऱ्या बायकांनीच बांधल्या होत्या, त्या अजून आहेत आणि त्यावरूनच लोक साकवावर चढतात.

१९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली तेव्हा ती सत्तरीला आली होती. गुडघे दुखत होते तरी वाडीतल्या ज्या म्हाताऱ्या कधी गाडीत बसल्या नव्हत्या त्यांना घेऊन राजापूर रोड स्टेशनवरून रत्नागिरीला गेली, काम काहीच नाही, फक्त गाडीत बसायचं म्हणून! रत्नागिरीच्या अलीकडे पानवल नदीवरचा पूल लागतो, ६४ मीटर उंच, तिथे बाकीच्यांनी डोळे मिटले आणि ही खिडकीला नाक लावून खाली बघत, काय काय दिसतंय ते त्यांना सांगत होती.

हे सगळं मी आता आई आणि मावशीकडून वहीत लिहून घेतेय. बोटीच्या प्रवासाचं बरंचसं झालंय, पत्रांचं जेवढं कळलं तेवढं झालंय. पायऱ्या आधी कुठल्या काठाच्या बांधल्या यावर मात्र दोघींचं अजून एकमत नाही, मे महिन्यात गावी गेले की चिरे वाहणाऱ्यांपैकी दोघी अजून आहेत, त्यांनाच विचारणार आहे.