कोर्टात उभं राहायला कधी मिळेल?

प्रश्न : ताई, मी अमेरिकेत जे.डी.च्या, म्हणजे वकिलीच्या पदवीच्या, दुसऱ्या वर्षाला आहे. येत्या उन्हाळ्यात एका लॉ फर्ममध्ये दहा आठवडे उमेदवारी करायची आहे आणि त्याआधी विभागाची पसंती कळवायची आहे. मला कॉम्प्लेक्स लिटिगेशन, म्हणजे अनेक पक्षांचे मोठे, गुंतागुंतीचे दावे चालवणारा विभाग हवाय. पण वरच्या वर्गातली मैत्रीण म्हणते, तिथे वर्षानुवर्षं नुसते कागद वाचावे लागतात, कोर्ट दृष्टीसही पडत नाही. मी तर वक्तृत्व स्पर्धा गाजवून वकिलीकडे वळले. काय करू?

उत्तर : मैत्रीण खोटं बोलत नाहीये. मी या कामात बावीस वर्षं आहे. ज्यूरीसमोर निकालापर्यंत गेलेले माझे खटले एका हाताच्या बोटांवर मोजता येतात, वर अंगठा उरतो.

असं का, ते समजून घे. १९६०च्या सुमारास वीजनिर्मितीची अवजड यंत्रं बनवणाऱ्या कंपन्यांनी संगनमत करून भाव ठरवल्याचं उघड झालं आणि अठराशेहून अधिक दावे तीसहून अधिक फेडरल जिल्हा कोर्टांत येऊन पडले. तेच साक्षीदार, तेच कागद, इतक्या ठिकाणी! त्यातून १९६८चा कायदा आला. सात न्यायाधीशांचं पॅनल असे सारखे दावे एका न्यायाधीशाकडे सोपवतं, पण फक्त सुनावणीपूर्वीच्या कामापुरते. सुनावणीला ते आपापल्या कोर्टात परत जायचे असतात. बहुतेक जातच नाहीत; त्याआधीच तडजोड होते किंवा दावा फेटाळला जातो. म्हणजे लढाई होते ती या ‘पूर्वीच्या’ कामातच, आणि ते काम तुझ्यासारख्या नव्या असोसिएटच्या, म्हणजे फर्मच्या पगारी वकिलाच्या, टेबलावर येतं.

माझं पहिलं वर्ष स्क्रीनसमोर गेलं. प्रत्येक पानावर बेट्स नंबर, म्हणजे दाव्यातल्या प्रत्येक पानाला दिलेला क्रमांक. पान उघडायचं, संबंधित की असंबंधित, प्रिव्हिलेज (वकील-अशील गोपनीयतेचं संरक्षण) आहे की नाही, खूण करायची, पुढचं पान. चौथ्या महिन्यात एका इंजिनिअरचं प्रवासखर्चाचं बिल समोर आलं. व्हॉल्व्हमधला दोष आम्हाला शरद ऋतूत कळला, असं प्रतिवादी कंपनी सांगत होती. बिलावर तारीख त्याआधीच्या मार्चची होती आणि प्रवासाचं कारण लिहिलं होतं, ‘तडा गेलेला व्हॉल्व्ह पाहण्यासाठी’. माझ्याआधी दोघांनी त्यावर ‘असंबंधित’ अशी खूण केली होती. टॅक्सीचं बिल कोण वाचतो?

वर्षभराने त्या इंजिनिअरचं डिपॉझिशन, म्हणजे कोर्टाबाहेर शपथेवर घेतलेली जबानी, झालं. नियमाने एका साक्षीदाराला एक दिवस, सात तास. आमचे सीनियर पार्टनर, म्हणजे फर्मचे ज्येष्ठ भागीदार वकील, तीन तास भलतंच विचारत राहिले. मग त्यांनी माझ्याकडे न बघता हात पुढे केला आणि मी ते बिल त्यांच्या हातात ठेवलं. साक्षीदाराने चष्मा काढून पुसला, परत घातला, पुन्हा वाचलं. मी दिवसभरात एक शब्द बोलले नव्हते, पण तो प्रश्न माझा होता.

चुकाही इथेच होतात. दुसऱ्या वर्षी आमच्या अशिलाच्या वकिलाचं गोपनीय पत्र माझ्या हातून विरुद्ध पक्षाला गेलेल्या गठ्ठ्यात गेलं. नियमांत ते परत मागण्याची सोय आहे आणि ते परत मिळालंही. पण त्या संध्याकाळी पार्टनरच्या दारात उभी राहून मी ते सांगितलं, तेव्हा हात गार पडले होते. ते एवढंच म्हणाले, “बेट्स नंबर सांग.”

दिवसाचे सहा-सहा मिनिटांचे तुकडे करून अशिलाला बिल लावायचं, हे मात्र मला अजून पटत नाही. सवय होते, एवढंच.

तेव्हा हाच विभाग माग. फक्त उमेदवारीत तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या असोसिएटना एकटं गाठून विचार : गेल्या वर्षी तुम्ही स्वतः किती डिपॉझिशन घेतली? आकडा आला तर ठीक. ‘इथे शिकायला खूप मिळतं’ असं उत्तर आलं, तर दुसरी फर्म बघ. विनामूल्य चालवायच्या केसेस हात वर करून घे. तिथे नवख्यांना उभं राहता येतं. शिवाय काही फेडरल न्यायाधीश ज्युनियर वकिलाने युक्तिवाद करावा म्हणून लेखी प्रोत्साहन देतात. ते न्यायाधीश कोण, हे शोधून ठेव.

मी पहिल्यांदा उभी राहिले ती पाचव्या वर्षी. विरुद्ध पक्षाने दडवलेल्या कागदांसाठीचा अर्ज होता, सगळा मिळून सात मिनिटांचा. भाषण आरशासमोर घोटून गेले होते. न्यायाधीशांनी पहिल्या वाक्यालाच थांबवलं आणि तीन प्रश्न विचारले. तिन्ही पान नंबरांबद्दल होते.