वाचक विचारतात : बोट क्लब, वल्ही आणि आपली पंचगंगा

प्रश्न : माझ्या मुलीला यंदा पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी शिक्षणसंस्थेत प्रवेश मिळाला असून तेथील बोट क्लबमध्ये जायचे तिने पक्के केले आहे. हा क्लब किती जुना आहे, तेथे नेमके काय चालते आणि जेमतेम पोहता येणाऱ्या मुलीने त्यात पडावे का?
– एक पालक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : सीओईपीचा बोट क्लब १९२८ सालचा आहे. पुण्यातील नौकानयनाचा इतिहास मात्र त्याहून साठ वर्षांनी मागे जातो, कारण रॉयल कनॉट बोट क्लबची स्थापना १८६८ साली झाली आणि आजचा बोट क्लब रोड त्याच्याच नावाने ओळखला जातो. सर जमशेटजी जिजीभाई यांच्या देणगीतून मुळा-मुठेवर बांधलेल्या बंधाऱ्यामुळे तेथे पाणी साठून राहू लागले होते. या खेळाला वाहत्या, उथळ पाण्यापेक्षा संथ आणि खोल पाणी लागते, त्यामुळे बोट क्लबची गोष्ट बहुतेक वेळा बोटीपासून नव्हे, तर बंधाऱ्यापासून सुरू होते.

कनॉट क्लब इंग्रज साहेबांच्या जमान्यातला; सीओईपीचा क्लब मात्र विद्यार्थ्यांचा आहे आणि त्याचा रोजचा कारभारही तेच पाहतात. वर्षभराच्या सरावाचे फळ ‘रिगाटा’ या वार्षिक जलमहोत्सवात दिसते. लांब दांड्याने ढकलत चालवायच्या पंट नावाच्या सपाट बुडाच्या होड्यांच्या रचना, बाणाच्या आकारात सरकणाऱ्या बोटी, कयाक या छोट्या, अरुंद होड्यांवरील नृत्य आणि अंधार पडल्यावर पेटत्या मशाली घेऊन केलेल्या कवायती पाहायला काठावर मोठी गर्दी होते. माझ्या मते मात्र क्लबचे खरे काम या दिवशी दिसत नाही. ते पहाटे, वारा सुटण्यापूर्वीच्या सरावात असते, कारण शर्यतीची बोट इतकी अरुंद असते की किरकोळ लाटेनेही तिचा तोल जातो.

ही बोट जवळून पाहण्यासारखी असते. एकट्याने चालवायच्या ‘सिंगल स्कल’ची लांबी साधारण आठ मीटर, तर वजन नियमानुसार किमान १४ किलो, म्हणजे तांदळाच्या अर्ध्या पोत्याइतकेच. बसायची पाटी चाकांवर मागेपुढे सरकते, पाय मात्र पुढच्या फळीवर जखडलेल्या बुटांत असतात. त्यामुळे पाण्यात वल्हे रोवले की जोर प्रथम मांड्यांतून येतो, मग पाठीतून आणि अगदी शेवटी हातांतून. नवखी मुले नेमका उलटा क्रम धरतात आणि दहा मिनिटांत दंड भरून आल्याची तक्रार करतात. वल्हवणाऱ्याची पाठ बोटीच्या दिशेकडे असते, म्हणून आठ जणांच्या बोटीत सुकाणू सांभाळणारा ‘कॉक्स’ समोर तोंड करून बसतो आणि सगळ्यांची लय राखतो.

पोहण्याविषयी आपली शंका रास्त आहे. बोट उलटणे हा या खेळाचा रोजचाच भाग असल्याने कपड्यांसह बराच वेळ तरंगता आलेच पाहिजे. प्रवेशाचे सोपस्कार उरकेपर्यंतचे दिवस एखाद्या चांगल्या तलावात घालवावेत. वीरधवल खाडे याच्यासारखा ऑलिंपिक जलतरणपटू ज्या कोल्हापूरने दिला, तेथे शिकवणाऱ्यांची वानवा नाही. पाण्याची भीती ही मात्र अडचण मानू नये. चांदवड तालुक्यातील तळेगाव रोही या दुष्काळी गावातून आलेल्या दत्तू भोकनळ याने सैन्यात गेल्यावर वल्हे हाती घेतले आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये सिंगल स्कल्समध्ये तेरावे स्थान मिळवले. पुढे २०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत चौघांच्या बोटीत त्याने सुवर्णपदकही पटकावले.

प्रश्न : असा क्लब आपल्या रंकाळा तलावावर का होऊ नये?
– एक वाचक, मंगळवार पेठ

उत्तर : सरावापुरता होऊ शकेल, शर्यतीपुरता नाही. ऑलिंपिक शर्यतीचे अंतर २,००० मीटर असून ते सरळ रेषेत लागते आणि एवढी सरळ लांबी रंकाळ्यात मिळणार नाही. पंचगंगेचा विचार मात्र करावा असा आहे. पावसाळ्यानंतर राजाराम बंधाऱ्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, घातले की वरच्या अंगाला पाणी तुंबते आणि उन्हाळ्यापर्यंत बऱ्यापैकी संथ राहते. ज्या गावाच्या नावाने ‘कोल्हापूर पद्धतीचा बंधारा’ महाराष्ट्रभर ओळखला जातो, त्या गावाने त्याच्या पाण्यात वल्ही घालू नयेत, याचे मला नवल वाटते. अडचणी आहेतच : सांडपाणी आणि वल्ह्यात गुंतणारी जलपर्णी. या दोन्हींचा बंदोबस्त झाल्याशिवाय महागड्या बोटी आणून काठावर ठेवण्यात अर्थ नाही. त्याआधी एखाद्या तालमीने वल्हवण्याच्या व्यायामयंत्रांवर पोरांची तयारी करून घेतली, तर तेवढा काळ वाया जाणार नाही.

प्रश्न : २०१९ च्या महापुरात आमच्या भागात बोटी कमी पडल्या. बोट क्लब असता, तर उपयोग झाला असता का?
– एक वाचक, शिरोळ तालुका

उत्तर : शर्यतीच्या बोटींचा शून्य. त्यांत माणूस चढवताच त्या कलंडतील. पुरात रबरी, यंत्रावर चालणाऱ्या किंवा रुंद बुडाच्याच होड्या लागतात. माणसांचा मात्र उपयोग होतो. कृष्णाकाठी सांगलीकडे होड्यांच्या शर्यतींची परंपरा आहे आणि पाण्याची ओढ कुठे आहे, भोवरा कुठे पडतो, हे तेथील वल्हेकऱ्यांना सांगावे लागत नाही. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीवर आले की ४३ फुटांच्या धोका पातळीची वाट न पाहता अशा लोकांची यादी आणि होड्यांची जागा तालुक्याच्या ठिकाणी तयार असावी. पूर चढू लागल्यावर यादी करण्यात वेळ जातो.