आधी झोप, मग सूर्यनमस्कार

या आठवड्यातलं पत्र बदलापूरहून आलंय. थोडक्यात असं: "ताई, वय 38, ऑफिस बॅलार्ड इस्टेटला. घरी यायला साडेआठ, मग जेवण, भांडी, मुलाचा अभ्यास, उद्याची भाजी चिरून ठेवणं, झोपायला बारा. मिस्टर अंबरनाथला कामाला, ते साडेसहाला घरी असतात. जिमचे पैसे भरले, जेमतेम आठवडा गेले. आता चारला उठून योगा करते तर दिवसभर डोकं जड, मधेच छातीत धडधड, मुलावर ओरडते आणि बाथरूममध्ये जाऊन रडते. सगळ्यांना बॅलन्स जमतो, मलाच का नाही?"

अगं, आधी तो चारचा अलार्म बंद कर, आजच. मोठ्या माणसाला रात्री निदान सात तास झोप लागते, तू चार तासांवर गाडी ओढतेयस आणि वर सूर्यनमस्कार घालतेयस, मग डोकं जड नाही होणार तर काय. झोप तुटली की चिडचिड वाढते, रडू लगेच येतं, त्यात तुझ्या स्वभावाचा काही दोष नाही. आणि "सगळ्यांना जमतं" म्हणजे कोणाला गं? रीलमधल्या बाईला सकाळची सीएसएमटी फास्ट पकडायची नसते, फोर्थ सीटसाठी भांडायचं नसतं.

व्यायामाचं म्हणशील तर जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला निदान 150 मिनिटं सांगते, भरभर चालणंही त्यात धरतात. सीएसएमटीहून तुझं ऑफिस पायी पंधराएक मिनिटं, शेअर टॅक्सी सोड, जाऊन-येऊन अर्धा तास, पाच दिवस, झाली की 150. धो धो पावसात नाही जमलं तर नाही जमलं. ताकदीचे व्यायामही आठवड्यातून दोनदा करा म्हणतात ते, पण ते नंतर बघू, आत्ता नाही.

ती धडधड मात्र अंगावर काढायची नाही हं, आणि चालायला लागायच्या आधी ती डॉक्टरांना दाखव. हिमोग्लोबिन, थायरॉईड, बी12 करायचं का विचार, ते म्हणाले तर ईसीजी. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायकांना ॲनिमिया निघाला होता, आणि रक्त कमी असलं की थकवा, धडधड दोन्ही होतं. जेवणाबरोबर चहा घेत असशील तर सोड, त्याने अन्नातलं लोह नीट अंगी लागत नाही. छातीत दुखलं किंवा चक्कर येऊन पडायला झालं तर अपॉइंटमेंटची वाट बघू नकोस, तेव्हाच्या तेव्हा हॉस्पिटल गाठ. आणि झोप सुधारूनही दोन आठवडे रडूच येत राहिलं, कशात मन लागेना, तर टेलिमानस म्हणून मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, तिला 14416 वर फोन कर, सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास चालू असतं, मराठीत बोलता येतं.

आता खरं बोलू? तुझ्या पत्रात मिस्टर एका वाक्यात आले आणि गेले. साडेसहाला घरी येणारा माणूस तू येईपर्यंत दोन तास काय करतो हे तू लिहिलं नाहीस, मी पण विचारत नाही, पण बारा वाजतात ते तिथेच वाजतात. "जरा मदत करा ना" असं म्हणू नकोस, मदत म्हटलं की काम तुझंच राहतं. सरळ वाटणी कर, अभ्यास आणि भांडी त्यांची, कुकरही ते लावतील, तू आल्यावर पोळ्या. भाजी ट्रेनमध्ये निवडून टाक, परतीला सीट मिळाली तर, नाहीतर डोळे मिट, तेही चालेल. सासरचं कोणी बोललं तर मिस्टरांनाच उत्तर देऊ दे. पहिले काही दिवस कढईला तेलाचा ओशटपणा राहील, राहू दे, रात्री उठून परत घासायला जाऊ नकोस, साडेदहाला झोप.

आणि जिमवाल्याला विचार, उरलेले पैसे परत देतो का. नाही देणार बहुतेक, पण विचार.