झाशीला निघालायस? गोडसे भटजींना सोबत घे

पहिल्याच सहलीला पुस्तकांचं गाठोडं नको. झाशीला चाललायस ना, मग विष्णुभट गोडशांचं 'माझा प्रवास' तेवढं घे. पेणजवळच्या वरसईचे हे भटजी दानदक्षिणेच्या आशेनं १८५७ साली उत्तरेत गेले आणि झाशीच्या वेढ्यात सापडले. पुस्तक छापून आलं थेट १९०७ साली. वेढ्याची पानं गाडीतच वाचून काढ आणि किल्ल्यावर सोबत्यांना एखादा उतारा मोठ्यानं वाचून दाखव. एकच हं, उन्हात लोक वैतागतात. कुणी पुस्तक मागितलं तर खुशाल दे, पण आधी पहिल्या पानावर नाव नि फोन नंबर लिही. उतरायच्या आधी परत माग, भीड धरू नकोस. जुनी, दुर्मीळ आवृत्ती मात्र घरीच राहू दे.